ठराव एकमताने, भरवसा कुणाचा?

म्हादईचा, म्हणजे कर्नाटक आणि महाराष्ट्राबरोबर वाटून घ्यायच्या नदीच्या पाण्याचा, विषय निघाला की गोव्यात दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. एक, ‘आमच्यात फूट दिसता कामा नये, गोव्याने एका आवाजात बोलले पाहिजे.’ दुसरे, ‘सगळ्यांना विचारत बसाल तर काहीच होणार नाही, एखाद्या खंबीर माणसाला ठरवू द्या.’ नदीचा विषय सोडा. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावरून दोन गावांत कुरबूर झाली, जत्रेच्या मानपानावरून दोन वाडे अडून बसले, डोंगराच्या खालच्या आणि वरच्या पंचायतीत पाण्याच्या पाटावरून बिनसले, तरी सभेत हीच दोन वाक्ये येतात. ती बोलणारे एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण एका बाबतीत दोघेही एकच धरून चालतात: शेजारी भरवशाचा आहे की नाही हे शेजाऱ्याच्या स्वभावावर ठरते, आणि आपण आपल्या घरात निर्णय कसा घेतो याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सगळा वाद या चुकीच्या गृहीतावर उभा आहे. दोन गटांमधला विश्वास आणि परतफेड बऱ्याच अंशी त्या गटांच्या आतल्या निर्णयपद्धतीतून घडते, आणि तिथेच नासतेही. माझे म्हणणे असे की एकमताचा हट्ट आणि एकट्या नेत्याची मोकळी मुखत्यारी, दोन्ही शेजाऱ्याच्या भरवशाला मारक आहेत. उघड नोंदवलेला विरोध, साधे बहुमत आणि मर्यादा आखून दिलेला अधिकार हे दिसायला दुबळे वाटते, पण टिकते तेच.

आधी या क्षेत्रातला सर्वांत साधा प्रयोग पाहू. १९९५ साली बर्ग, डिकॉट आणि मॅककेब या तीन संशोधकांनी एक खेळ मांडला. दोन अनोळखी माणसे दोन वेगळ्या खोल्यांत. दोघांनाही दहा डॉलर. पहिल्याने त्यातले हवे तेवढे दुसऱ्याकडे पाठवायचे. पाठवलेली रक्कम वाटेत तिप्पट होते. दुसऱ्याने त्यातले हवे तेवढे परत करायचे, किंवा काहीच करायचे नाही. पुन्हा भेट नाही, ओळख नाही, दंड नाही. कोरडा हिशेब म्हणतो की दुसरा काही परत करणार नाही, म्हणून पहिल्याने काही पाठवूच नये. प्रत्यक्षात ३२ जणांपैकी ३० जणांनी काही ना काही पाठवले, सरासरी पाच डॉलरांहून थोडे जास्त. पहिल्याने पाठवलेले म्हणजे विश्वास, दुसऱ्याने परत केलेले म्हणजे परतफेड. दोन्ही गोष्टी आकड्यांत मोजता आल्या. पुढे संशोधकांनी याच खेळात एकट्या माणसाच्या जागी आपसात चर्चा करून ठरवणारे छोटे गट बसवले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात गटांनी एकट्या माणसांपेक्षा कमी पाठवले, परत मात्र जवळपास तेवढेच केले. दुसऱ्या काही प्रयोगांत गटांनी परतही कमी केले. म्हणजे परतफेडीच्या बाबतीत निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण एकत्र बसून ठरवल्याने माणसे अधिक विश्वास टाकतात, असे मात्र त्यांतून निघत नाही.

तीच माणसे, तेवढेच पैसे. मग चार डोकी एकत्र आली की हात का आखडतो? अमेरिकेत इन्स्को आणि शॉप्लर या मानसशास्त्रज्ञांनी गट आणि एकटी माणसे यांच्या वागण्यातल्या या तफावतीवर अनेक वर्षे काम केले. त्यांनी सांगितलेली कारणे कुठल्याही ग्रामसभेत बसलेल्याला ओळखीची वाटतील. समोरचा गट फसवील ही भीती. आपल्यातच एकमेकांना दुजोरा मिळाल्याने बळावणारा लोभ. आणि ‘कुणी ठरवले’ हे झाकले जाण्याची सोय. यात मी एक चौथे कारण जोडतो, आणि माझ्या मते खरी मेख तीच आहे. सभेत संशय फुकट मिळतो, विश्वास महाग पडतो. ‘त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा?’ असे म्हणणारा शहाणा ठरतो. शेजारी पुढे फसवा निघाला तर ‘मी म्हटले नव्हते?’ म्हणायला तो मोकळा; शेजारी प्रामाणिक निघाला तर त्याला जाब विचारायला कोणी येत नाही. उलट ‘एकदा देऊन पाहू’ म्हणणाऱ्याचे नाव कायमचे लिहून ठेवले जाते. करार बिघडला की सगळ्यांची बोटे त्याच्याकडे, करार फळला तर श्रेय गावाचे. असा सौदा असताना शहाणा माणूस तोंड का उघडील? त्यामुळे सभेतला संशय लोकांच्या मनातल्या संशयापेक्षा नेहमीच मोठा दिसतो. त्यात आता कोणी ना कोणी मोबाईल उभा धरलेला असतो, म्हणजे वक्ता समोर बसलेल्यांशी बोलतच नाही, संध्याकाळी चित्रफीत पाहणाऱ्यांशी बोलतो.

परतफेडीचे दुखणे वेगळे. एकट्या माणसाने उपकार घेतला की ते ओझे त्याच्या खांद्यावर असते. गटाने घेतला की ते ओझे इतक्या खांद्यांवर वाटले जाते की कुणालाच जाणवत नाही. ‘शब्द मागच्या मंडळाने दिला होता, आम्ही नव्हे.’ गोव्यातल्या १९१ पंचायतींपैकी अनेकांत एकाच कार्यकाळात सरपंच दोनदोनदा, तीनतीनदा बदलतो. कधी अविश्वास ठरावाने, कधी आधीच ठरलेल्या वाटणीने. शेजारच्या पंचायतीने कुणाच्या शब्दावर विसंबायचे? खुर्चीवरचा माणूस बदलला की शब्द बदलतो, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा शेजारी शब्द मागतच नाही. सरळ कोर्टाची तारीख मागतो.

आता एकमताकडे वळू. कारण या मुद्द्यावर विरोधी बाजूचा पुरावा खरोखर भक्कम आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे. गावकारी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, जिला पुढे कोमुनिदाद हे नाव पडले, ती पोर्तुगीज येण्याच्या आधीपासूनची. १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, पोर्तुगीजांनी तिचे रीतिरिवाज लिहून काढले. वांगडांचे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचे, प्रमुख बसत, कुळकर्णी नोंद करी आणि निर्णय, म्हणजे ‘नेम’, एकमतानेच होई. एकाचाही नकार असला तर नेम होत नसे. या पद्धतीने बांध उभे राहिले, मानशी (भरती-ओहोटीचे पाणी अडवणारी-सोडणारी दारे) बांधल्या गेल्या, पाट आणि तळी राखली गेली, आणि हे दशकभर नव्हे, शतकानुशतके चालले. मग एकमत वाईट कसे?

वाईट नव्हतेच, कारण ते एकमत फार थोड्यांचे होते. बैठकीत वांगडांचे पुरुष प्रमुख होते. कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे), बायका, बाहेरून येऊन वसलेले, यांना तिथे तोंड नव्हते. जे बसत त्या सगळ्यांचे हित जवळपास सारखे होते, वर्षअखेरीला सगळ्यांच्या हाती त्याच जमिनीच्या उत्पन्नाचा वाटा पडत असे, आणि नकार देणाऱ्याला उद्या त्याच माणसांबरोबर बांधावर उभे राहायचे असे. अशा ठिकाणी नकार जपून वापरला जातो. ही परिस्थिती काढून घ्या आणि तोच नियम दोनशे माणसांच्या, निम्मी शेती न करणाऱ्यांच्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या सभेला लावा. एकमताच्या नियमात लेखणी सर्वांत संशयी माणसाच्या हातात जाते. बाकी एकशे नव्व्याण्णव जणांनी शेजाऱ्याला पाणी सोडायचे ठरवले असले तरी मसुदा त्या एकाच्या भीतीला पुरेल एवढा आवळावा लागतो. शेजाऱ्याला मात्र तो ठराव ‘अख्ख्या गावाचा’ म्हणून मिळतो. त्याला त्यातला संशय अख्ख्या गावाचा वाटतो, आणि त्याच्या सभेतला सर्वांत संशयी माणूस तोच कागद फडकावून म्हणतो, ‘बघा, एकही माणूस आपल्या बाजूचा नाही.’ विरोधात बोललेल्या तिघांची नावे त्या कागदावर असती तर? निदान पुढच्या वेळी कुणाचे दार ठोठवायचे, हे तरी शेजाऱ्याला कळले असते.

दुसरे टोक म्हणजे खंबीर नेता. त्याच्या बाजूनेही दोन मुद्दे मान्य करायला हवेत. तो वेळ वाचवतो. भरतीच्या आदल्या दिवशी बांधाला भगदाड दिसले तर गणपूर्तीची वाट पाहणे हा मूर्खपणा आहे. आणि समोरच्या नेत्याशी त्याची ओळख असेल तर दोघे जे चहावर मिटवतात ते सभेला वर्षभरात मिटवता येत नाही. पण नेता जेव्हा गटाच्या वतीने ठरवतो तेव्हा पैसा दुसऱ्याचा आणि नाव त्याचे असते. उदार झाला तर ‘कुणाच्या बापाचे देतोस?’ हा प्रश्न उभाच; म्हणून तो घरच्यांना दाखवण्यासाठी कडक होतो. आणि जो उदार होतो त्याचा करार त्याच्याबरोबर पडतो, कारण तो कुणी केलेलाच नसतो. तोंडी दिलेल्या शब्दाचे इतिवृत्त नंतर लिहिले जाते, त्यात शब्द बदलतात. ‘विचार करू’चे ‘मान्य केले’ होते किंवा उलटे होते. दोन्ही बाजूंची इतिवृत्ते जुळत नाहीत, आणि मग दोघांनाही मनापासून वाटते की आपण फसवले गेलो. प्रत्यक्षात कुणीच फसवलेले नसते, हीच यातली शोकांतिका.

पद्धत बदलल्याने भरवसा बदलतो याचे गोव्यातले सर्वांत मोठे उदाहरण १९६७ चा जनमत कौल. त्या निकालाबद्दल मराठी वाचकांत आजही दोन तट आहेत, ते असोत. इथे निकाल नको, रीत पाहू. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि विधानसभेतले बहुमत हेच गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला पुरेसे आहे, असा त्या बाजूचा युक्तिवाद होता. तर्काच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. लोकांनी निवडून दिलेले सभागृह होते. युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे असे की इतका मोठा आणि परत न फिरवता येणारा निर्णय आमदारांच्या हात वर करण्यावर नको, लोकांना थेट विचारा. संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. मग प्रश्न आला की ज्यांचे सरकार एका बाजूचे आहे, त्यांच्याच देखरेखीखाली मतदान कसे घ्यायचे? भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला फूल (विलीनीकरण) आणि दोन पाने (वेगळे राहणे) या चिन्हांवर मतदान झाले. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१, फरक ३४,०२१. हरलेली बाजू आकड्याने लहान नव्हती, शंभरातले त्रेचाळीसहून अधिक लोक तिच्या मागे होते. तरी निकाल मानला गेला. आणि त्यानंतर काही महिन्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत तेच बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेही जिंकलेल्या बाजूने मानले. एकाने खुर्ची सोडून समोरच्याची शंका दूर केली, दुसऱ्याने खुर्ची परत मिळालेली पाहून आकांडतांडव केले नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांचा स्वभाव त्या तीन-चार महिन्यांत बदलला नव्हता. नियम आधी ठरले होते आणि पंच कुणाच्या बाजूचा नव्हता, एवढेच.

याच्या शेजारी १९८७ चा राजभाषा कायदा ठेवून पाहा. आंदोलने पेटलेली, माणसे मेलेली, आणि तोडगा सभागृहात शब्दांची कसरत करून काढलेला: देवनागरी कोकणी राजभाषा, मराठीचाही शासकीय कामासाठी वापर. एकाच वाक्यात एका बाजूला जिंकल्यासारखे वाटावे आणि दुसऱ्या बाजूला हरलो नाही असे वाटावे, अशी सोय. तेव्हा शांतता मिळाली, हे खरे आणि तेही थोडे नव्हे. पण कुणी कुणाला काय द्यायचे कबूल केले, हे मोजता येईल असे त्यात काही नसल्याने आजही मराठी बाजूला वाटते की कबूल केलेले दिले नाही, आणि कोकणी बाजूला वाटते की द्यायला नको होते तेही दिले. जवळपास चाळीस वर्षे झाली तरी हिशेब मिटत नाही, कारण हिशेबाची वहीच नव्हती.

आता सर्वांत टोकदार आक्षेप. ‘सभेतला विरोध उघड नोंदवलात, अधिकाराची मर्यादा लिहून काढलीत, तर समोरच्याला तुमचे पत्ते दिसतील. वाटाघाटीत पत्ते कोण दाखवतो?’ एकदाच होणाऱ्या सौद्यात हा आक्षेप बिनतोड आहे. गाडी विकायची असेल तर शेवटची किंमत सांगू नये. पण नदी दरवर्षी वाहते. म्हादईच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. निवाड्यानंतर तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. अविश्वासाच्या बाबतीत तिघांचे एकमत म्हणायचे. गोव्यात कुणाला काय भीती वाटते, हे तिन्ही राज्यांना आधीच ठाऊक आहे: नदीचे पाणी कमी झाले तर खालच्या अंगाला खारे पाणी वर चढेल, अभयारण्याचे काय होईल, उन्हाळ्यात ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या पाण्याचे काय. गुप्त असे काय उरले आहे? लपवून राखतो ते फक्त एवढे की आपल्यातही काही जण मोजमापाला, संयुक्त पाहणीला, टप्प्याटप्प्याने बोलायला तयार आहेत. समोरच्याला मऊ बाजू दिसली की तो कडक होईल, असे धरून आपण तिला गप्प बसवतो. तिकडेही अशीच एक मऊ बाजू असते, आणि तीही आपल्या एकमुखी ठरावाकडे बोट दाखवून गप्प बसवली जाते.

हेच शेजारी दुसऱ्या नदीवर वेगळे वागतात, हे आपण का विसरतो? तिळारीचे धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. पाणी मोठ्या प्रमाणात गोव्याला, पेडणे, बार्देश, डिचोलीच्या नळांपर्यंत. १९९० चा करार, खर्चाची आणि पाण्याची वाटणी लिहिलेली, संयुक्त मंडळ. कुरबुरी तिथेही आहेतच. कालवा फुटला की उत्तर गोव्याच्या घागरी रिकाम्या, आणि विस्थापितांचे प्रश्न वर्षानुवर्षे रखडले, हा दोन्ही सरकारांवरचा डाग आहे. पण तिळारीवरून कुणी ‘एका आवाजात’ बोलायला सांगत नाही. तिथे देणेघेणे रोजचे आहे आणि कालवा कुठे फुटला हे दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांना एकाच दिवशी दिसते. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा नसून उद्याही व्यवहार करायचा आहे, हे माहीत असले की गटही मवाळ होतात; इन्स्कोच्या प्रयोगांतही गटांना लांबचा विचार करायला लावला की एकटी माणसे आणि गट यांतली दरी अरुंद झालेली दिसते.

‘प्रयोगशाळेतले विद्यार्थी आणि दहा डॉलर म्हणजे गाव नव्हे’ हा आक्षेपही रास्त. म्हणून खाजनात उतरू. तिथे चूक झाली की ती तांदळात दिसते. खाडीकाठचा बांध चिखलाचा, गवत-काट्यांनी बळकट केलेला, जागोजागी चिऱ्यांचा मुलामा असलेला. त्यात मानस: लाकडी दारे अशी बसवलेली की भरतीचे पाणी बाहेरून रेटले की आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. आत पोंय, म्हणजे पाणी साठवणारा खोलगट भाग, आणि त्याच्या वर शेते. पावसाळ्यात गोडे पाणी, कोरगुटसारखे खारटपणा सोसणारे भात. पीक कापले की खारे पाणी आत घ्यायचे, मासळी. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो आणि भांडणाचे बीज तिथेच पडते. लिलाव घेणाऱ्याला खारे पाणी लवकर आणि जास्त हवे, कारण त्याच्याबरोबर मासळी येते. शेतकऱ्याला ते उशिरा आणि कमी हवे. दारे अडकवून उघडी ठेवली की खारे पाणी शेतात चढते आणि ते मीठ धुऊन निघायला एखाददुसरा पावसाळा वाया जातो. शेजारच्या गावाचा बांध फुटला की दोन गावांच्या मधल्या आतल्या बांधावर दाब येतो, जो खाडीचा मार खायला बांधलेलाच नसतो. म्हणजे माझा बांध मी नीट राखला तरी माझे शेत तुझ्या प्रामाणिकपणावर उभे. त्या दहा डॉलरच्या खेळापेक्षा हे वेगळे कुठे आहे? फरक एवढाच की इथे परत न केलेली रक्कम मिठाच्या रूपात जमिनीवर दिसते.

१९६४ च्या कूळ कायद्याने, आणि नंतर कुळांना मालकी देणाऱ्या दुरुस्तीने, एक मोठा अन्याय दूर केला. त्याबद्दल दुमत नसावे. पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून कूळ संघांकडे येताना निर्णयाची रीत कुणी नीट आखली नाही. आता अनेक ठिकाणी संघाचे सभासद शेतीच करत नाहीत. लिलावाची रक्कम वाटून घेण्यापुरती गणपूर्ती होते, खेकड्यांची बिळे बुजवायला कुणी येत नाही. लिलावाच्या अटी ठरवताना शेजारच्या गावाला विचारण्याचा प्रश्नच कुणाच्या डोक्यात येत नाही. मग बांध फुटतो आणि दोन्ही गावे एकमताने, अगदी एकमताने, सरकारला दोष देतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक साधनांच्या अभ्यासासाठी. त्यांचा एक आग्रह असा होता की नियम ज्यांना लागू होतात त्यांचा नियम करण्यात वाटा हवा, आणि राखणदार त्यांना जबाबदार हवा. लिलावाच्या अटींचा परिणाम शेजारच्या गावावर होत असेल तर त्या गावाचा माणूस अटी ठरवताना बसलेला नको का?

काही परतफेड मुळात ठरवायची गोष्टच नसते, हेही आपल्याच गावांनी दाखवले आहे. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेजुइट मारले गेले, त्यानंतर गावच्या सोळा प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून ठार करण्यात आले. त्यांतला एक तेवढा निसटला म्हणतात. वाटाघाटीचे निमंत्रण हाच सापळा, यापेक्षा मोठा विश्वासघात कोणता? चार शतके उलटली तरी गाव ते विसरलेले नाही. गटाची स्मरणशक्ती माणसापेक्षा लांब असते. आणि त्याच कुंकळ्ळीत दर फाल्गुनात सोंत्र्यो, म्हणजे छत्र्यांची मिरवणूक, निघते. फातर्प्याहून देवी आपल्या जुन्या गावी येते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या, आणि त्यांत हिंदूंबरोबर ख्रिस्ती वांगडीही. कुणाची छत्री, कुणाची जागा, हे आधीच बसवलेले आहे. यंदा छत्री न्यायची की नाही यावर दरवर्षी दोन्ही समाजांनी वेगवेगळ्या सभा घेऊन ठराव करायचा असता, तर किती वर्षे टिकले असते? अर्थात बसवलेले मानही कुजतात. गोव्यातल्या कित्येक देवळांत महाजन आणि गावकर याच मानांवरून कोर्टात आहेत, ऐन जत्रेला जमावबंदी लागते. रिवाज भरवसा साठवून ठेवू शकतो. नवा भरवसा निर्माण करायचा तर निर्णयच घ्यावा लागतो.

मग तो निर्णय कसा घ्यायचा? माझा मुख्य आग्रह एका विषमतेचा आहे. शेजाऱ्याबरोबर लहान पाऊल टाकायला साधे बहुमत पुरावे. टाकलेले पाऊल मागे घ्यायला दोन-तृतीयांश मते, तीस दिवसांची नोटीस, आणि त्या तीस दिवसांत शेजाऱ्याच्या दोन माणसांना आपल्या सभेत बसवून त्यांचे म्हणणे ऐकणे सक्तीचे असावे. आज नेमके उलटे आहे: करार करायला सगळे हवेत, मोडायला एक संतापलेली संध्याकाळ पुरते. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपले मत लिहून द्यावे. त्याने संशयाचा फुकटेपणा कमी होतो, कारण पहिल्या जोरकस वक्त्याआधीचे मत कागदावर आलेले असते. एका सभासदाला शेजारच्या गावाची वकिली करण्याचे काम आळीपाळीने द्यावे. ते नेमून दिलेले काम असल्याने त्याला फितूर म्हणता येत नाही. शिष्टमंडळाला लेखी अधिकारपत्र हवे: काय देता येईल, किती, कुठल्या मुद्द्यावर परत येऊन विचारायचे. अधिकार शून्य दिला तर ते टपालवाले होतात, अमर्याद दिला तर घरी आल्यावर नाकारले जातात. विरोधी मते नावांसह इतिवृत्तात यावीत, आणि इतिवृत्त सभा उठण्याआधी वाचून दाखवून सह्या घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी लिहिलेले इतिवृत्त म्हणजे आठवणींचा निबंध. पहिल्या वर्षी एकच मानस, एकच हंगाम. पाण्याची पातळी आणि खारटपणा दोन्ही गावांच्या माणसांनी मिळून मोजावा, एकाच वहीत लिहावा, वहीच्या दोन प्रती.

बहुमताचा धोका मला दिसत नाही असे नाही. एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नासने केलेला करार एकोणपन्नास जणांना मनातून नको असतो, आणि त्यांतले काही तो मोडायची वाट पाहत बसतात. म्हणूनच कराराला मुदत हवी, पहिल्यांदा एका हंगामाची, मग तीन वर्षांची. हरलेल्याला तारीख दिसली की तो वाट पाहतो, बांध फोडत नाही. आणि शेवटचा रोकडा प्रश्न येणारच: तीस दिवस थांबायचे आणि मध्येच भरतीला भगदाड पडले तर? तर ज्याला आधी दिसेल त्याने बुजवावे, कुणाच्या हद्दीत आहे ते न पाहता. ते ना करार मोडणे, ना हद्द ओलांडणे. किती माणसे, किती तास, किती चिरे आणि चिखलाच्या किती पाट्या, एवढे त्याच रात्री वहीत लिहायचे. हिशेब पुढच्या लिलावाच्या रकमेतून फिटेल.